पेटीतला बहुरूपी
जुने टीव्ही-गेम नव्या संगणकावर कसे चालतात, आणि चालले नाहीत तर काय करावे?

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या विज्ञान मंडळातल्या एका मुलाने पिशवीतून एक डबा आणला. त्याच्या वडिलांचा टीव्ही-गेम होता तो. नव्वदच्या दशकात आपल्या जिल्ह्यातल्या अनेक घरांत असे डबे होते. दोन रिमोट, एक प्लॅस्टिकचे पिस्तूल आणि '९९९९ खेळ' असे झोकात लिहिलेली पिवळी कॅसेट. डब्याचा लाल दिवा लागत होता, पण टीव्हीवर फक्त करडा पडदा दिसत होता. मुलाचा प्रश्न सरळ होता. "सर, हा दुरुस्त होईल का? आणि नाही झाला, तर त्यातले खेळ गेलेच का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तासाभरात शोधले. कॅसेटच्या साठ पितळी पट्ट्यांवर मळ आणि गंज चढला होता. पेन्सिलीच्या खोडरबराने त्या हलक्या हाताने घासल्या, कापसाला स्पिरिट लावून पुसल्या, तेव्हा डबा सुरू झाला. (लहानपणी कॅसेटवर फुंकर मारून ती चालू करणारे वाचक पुष्कळ असतील. फुंकरीने फायदा होत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने पट्ट्या टेकत. उलट फुंकरीतली वाफ गंजाला मदतच करी.) पण डबा दहा मिनिटे चाले आणि पुन्हा बंद पडे. उघडून पाहिले तर हिरव्या पट्टीवर मोठ्या चिपांच्या जागी लाखेसारखे दोन काळे ठिपके. त्यांच्याखालची चिप काढता येत नाही, बदलता येत नाही. दुरुस्तीचा मार्ग तिथे संपला.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र आम्हाला दोन महिने कामाला लावले. त्या कामात ओहमचा नियम आला, संगीताच्या बाईंची पेटी आली आणि शेवटी नेवाशाची आठवणही आली. तीच हकीकत इथे सांगत आहोत.

डब्यात होते तरी काय?

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचे खेळयंत्र विकायला काढले. आपल्याकडे आलेले बहुतेक स्वस्त टीव्ही-गेम म्हणजे त्याच यंत्राच्या नकला. मूळ यंत्राची कुवत आज वाचली की हसू येते. प्रोसेसरची गती सेकंदाला सुमारे १७.९ लाख ठोके, कामाची मेमरी २ किलोबाइट, चित्र २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच. १९८५ चा प्रसिद्ध सुपर मारिओ ब्रदर्स हा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत मावतो. आजच्या मोबाइलने काढलेला फोटो सुमारे ४ मेगाबाइटचा धरला, तर एका फोटोच्या जागेत असे शंभर खेळ बसतील.

या यंत्राचा प्रोसेसर ६५०२ या घराण्यातला आहे. मूळ ६५०२ अमेरिकेत १९७५ साली आला. शिक्षकांनी हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९८४ साली भारत सरकारने 'क्लास' प्रकल्पाखाली देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत पहिल्यांदा संगणक दिले, ते बीबीसी मायक्रो या जातीचे होते, आणि त्यांच्यातही हाच ६५०२ होता. म्हणजे शाळेच्या कुलूपबंद खोलीतला, चपला काढून पाहायचा संगणक आणि घरात दामटून खेळायचा टीव्ही-गेम हे सख्खे भाऊच होते.

सोंग आणि स्वभाव

आता मुख्य प्रश्न. एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली वेगळ्याच यंत्रावर कशी चालेल?

आपल्याकडे गावोगाव बहुरूपी येत असत. पोलीस होऊन येणारा बहुरूपी दारात उभा राहून दरडावतो आणि घरातले क्षणभर दचकतात. त्याच्याजवळ फक्त गणवेश नसतो. पोलीस कसा बोलतो, काय विचारतो, कशावर चिडतो, हे त्याने पाहून ठेवलेले असते. जी आज्ञावली आपण चालवतो, ती त्या दारातल्या माणसासारखी. समोरचे यंत्र तिच्या प्रत्येक प्रश्नाला जुन्या यंत्रासारखेच उत्तर देत असेल, तर आपण कुठे आहोत हे तिला कळायचे काही कारण नाही. असे सोंग हुबेहूब वठवणाऱ्या आज्ञावलीला एम्युलेटर म्हणतात. आपण तिला 'बहुरूपी आज्ञावली' म्हणू या.

हे शक्य होते, कारण प्रोसेसर फार ठरावीक कामे करतो. मेमरीतला पुढचा आकडा वाचायचा, कोशात पाहून त्याचा अर्थ लावायचा, सांगितलेले काम करायचे आणि पुढच्या आकड्याकडे जायचे. हा कोश जो कुणी हाताशी ठेवील, त्याला प्रोसेसर होता येईल. आमच्या आठवीच्या वर्गालाही होता आले.

करून पाहा: वर्गातला ६५०२

फळ्यावर वीस चौकटी काढा आणि त्यांना ० ते १९ क्रमांक द्या. पहिल्या सात चौकटींत हे आकडे लिहा:

२४, १६९, ५, १०५, ३, १३३, १६

एका विद्यार्थ्याच्या हाती पाटी द्या. दुसऱ्याकडे 'हातचा' लिहिलेला कागद द्या, त्यावर ० किंवा १ एवढेच लिहिता येईल. तिसरा विद्यार्थी चौकटींवर बोट ठेवत पुढे सरकेल. चौथ्याकडे हा कोश असेल:

२४ : हातचा पुसून ० करा.
१६९ : पुढच्या चौकटीतला आकडा पाटीवर लिहा.
१०५ : पुढच्या चौकटीतला आकडा आणि हातचा, दोन्ही पाटीवरच्या आकड्यात मिळवा.
१३३ : पुढच्या चौकटीत जो क्रमांक असेल, त्या क्रमांकाच्या चौकटीत पाटीवरचा आकडा लिहा.

हे सारे नीट पार पाडले, तर १६ क्रमांकाच्या चौकटीत ८ येतील. कारण ही आज्ञावली ५ आणि ३ यांची बेरीज करते. हा कोश आम्ही सोयीसाठी बनवलेला नाही. हे ६५०२ चेच खरे सांकेतिक आकडे आहेत, आणि हीच सात आकड्यांची ओळ टीव्ही-गेमच्या कॅसेटमध्ये असती तरी उत्तर हेच आले असते.

आता ५ आणि ३ च्या जागी २०० आणि १०० घ्या. पाटीवर २५५ पेक्षा मोठा आकडा लिहिता येत नाही, असा नियम करा. बेरीज ३०० आली की त्यातून २५६ वजा करून ४४ पाटीवर लिहायचे आणि हातचा १ करायचा. आठ बिटांचे यंत्र म्हणजे काय, हे मुलांना इथे आपोआप कळते.

एका मुलीने लगेच विचारले, "आम्हाला पाच मिनिटे लागली. खऱ्या यंत्राला किती?" या चार आज्ञांना ६५०२ अनुक्रमे २, २, २ आणि ३ असे एकूण ९ ठोके घेतो. सेकंदाला १७.९ लाख ठोके, म्हणजे सुमारे ५ मायक्रोसेकंद.

हे ठोके मोजणे महत्त्वाचे आहे. यंत्रात चित्र काढणारी दुसरी चिप असते आणि प्रोसेसरचा एक ठोका पडेपर्यंत ती चित्राचे तीन ठिपके काढून मोकळी होते. त्यामुळे बहुरूपी आज्ञावलीला उत्तरे बरोबर देऊन भागत नाही. ती बरोबर वेळेला द्यावी लागतात. नाहीतर चित्र फाटते, आवाज तुटतो. प्रत्येक जुन्या आज्ञेसाठी नव्या यंत्राला स्वतःच्या कितीतरी आज्ञा खर्च कराव्या लागतात. म्हणून नवे यंत्र जुन्यापेक्षा काही पटींनी नव्हे, शेकडो पटींनी वेगवान असलेले बरे.

जुळणी

आम्ही रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची तिसरी आवृत्ती घेतली. हातात मावणाऱ्या या पट्टीच्या प्रोसेसरची गती सेकंदाला १२० कोटी ठोके आहे, म्हणजे जुन्या यंत्राच्या सुमारे ६७० पट. कोपऱ्यात पडलेला जुना टेबलावरचा संगणकही या कामाला पुरतो. पण या पट्टीच्या वंशावळीत एक गंमत आहे. बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीतल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एक नवा प्रोसेसर रचला आणि १९८५ मध्ये तो चालला. तोच पहिला एआरएम. रास्पबेरी पाय २०१२ मध्ये आला तो याच घराण्याचा प्रोसेसर घेऊन, आणि तोही मुलांना संगणक शिकवण्यासाठीच. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही बहुधा याच घराण्याचा प्रोसेसर असतो. म्हणजे आता नातू आजोबांचे सोंग घेणार होता.

लागणारे सामान थोडे आहे. पट्टी, १६ किंवा ३२ गिगाबाइटचे मेमरी कार्ड, चांगला वीजपुरवठा, यूएसबीचा एक रिमोट आणि टीव्ही. कार्डावर रेट्रोपाय नावाची मोफत प्रणाली उतरवून घ्यायची. तिच्यात निरनिराळ्या जुन्या यंत्रांच्या बहुरूपी आज्ञावल्या एकत्र बांधलेल्या असतात. हे काम एका दुपारचे. त्यानंतर ज्या अडचणी आल्या त्यांनी आम्हाला खरे शिकवले.

पहिली अडचण: पडद्यावरची वीज

चित्र आले, पण दर थोड्या वेळाने कोपऱ्यात विजेची लहान खूण चमके, खेळ अडखळे आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होई. मुलांनी बहुरूपी आज्ञावली बदलून पाहिली, कार्ड बदलून पाहिले. दोष तिसरीकडेच होता.

ही खूण म्हणजे पट्टीला मिळणारे विभवांतर ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्याचा इशारा. चार्जरवर तर ५ व्होल्ट लिहिलेले होते. मल्टिमीटर लावला तेव्हा चार्जरपाशी ५.१ व्होल्ट आणि पट्टीपाशी ४.५ व्होल्ट मिळाले. मधले ०.६ व्होल्ट कुठे गेले? वायरीत! बारीक वायरीचा जाण्यायेण्याचा मिळून रोध ०.४ ओहम आणि विद्युतधारा १.५ अँपिअर धरा. ओहमच्या नियमाने विभवांतरातली घट = ०.४ × १.५ = ०.६ व्होल्ट. मोबाइल चार्ज करताना एवढ्या घटीने काही अडत नाही, चार्ज व्हायला वेळ लागतो इतकेच. संगणकाचे मात्र अडते.

आमच्या शेतकरी पालकांना हे समजावून सांगावे लागले नाही. ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या विहिरीवरची मोटर का उचलत नाही, हे त्यांना रोजच्या अनुभवाने ठाऊक आहे. लांब आणि बारीक तार, तीच गोष्ट. आखूड, जाड वायर आणि २.५ अँपिअर देणारा पुरवठा लावताच विजेची खूण गेली ती गेलीच.

दुसरी अडचण: लाल दिवा आहे, हिरवा नाही

एका संध्याकाळी खेळ चालू असताना लाइट गेली. परत आल्यावर पट्टीचा लाल दिवा लागला, पण हिरवा दिवा लुकलुकेना. लाल दिवा वीज आल्याचे सांगतो, हिरवा कार्ड वाचले जात असल्याचे. म्हणजे वीज होती, पण कार्डावरून काही वाचले जात नव्हते.

हजेरीपटात नवे नाव लिहिण्यासाठी जुने खोडले आणि तेवढ्यात कुणी पट हिसकावून नेला, तर पटात जुनेही नाव राहत नाही आणि नवेही येत नाही. कार्डाचे तसेच होते. कोणती फाइल कुठे आहे याची नोंदवही कार्डावरच असते. ती लिहिली जात असताना वीज गेली की नोंदवहीच बिघडते. फाइली जागेवर असूनही सापडत नाहीत.

यावर उपाय तीन. खेळ संपल्यावर बटण न दाबता मेनूतून यंत्र रीतसर बंद करावे. सगळे जुळून आले की त्याच दिवशी अख्ख्या कार्डाची एक प्रत दुसऱ्या संगणकात ठेवावी. आणि जिथे लाइटचा भरवसा नाही, तिथे यंत्र इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावावे. आम्ही दुसरा उपाय केलेला नव्हता, म्हणून सगळी जुळणी पहिल्यापासून करावी लागली.

तिसरी अडचण: रंग उडालेले चित्र

मुलाच्या घरी जुना, पाठीला कुबड असलेला टीव्ही होता. त्यावरच खेळायचे असा वडिलांचा आग्रह. पट्टीला गोल जॅकमधून जुन्या पद्धतीचे चित्र देता येते. पण प्रथम चित्रच येईना. पिवळी पिन पिवळ्या खोबणीत होती, तरीही!

वायरीच्या जॅकवर चार पट्टे असतात. रास्पबेरी पायमध्ये टोकाकडून मोजले तर डावा आवाज, उजवा आवाज, जमीन आणि चित्र असा क्रम असतो. बाजारात मिळणाऱ्या काही वायरींत हा क्रम वेगळा असतो आणि चित्र भलत्याच रंगाच्या पिनेवर येते. मल्टिमीटरने कोणता पट्टा कोणत्या पिनेशी जोडला आहे ते तपासा. रंगावर विश्वास ठेवू नका.

पिना बदलल्यावर चित्र आले, पण काळेपांढरे. याचे कारण देशोदेशींच्या टीव्हीच्या पद्धतीत आहे. भारतात पाल पद्धत आहे, अमेरिका-जपानात एनटीएससी होती. पालमध्ये रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवलेली असते, एनटीएससीत ३.५८ वर. आपला जुना टीव्ही ४.४३ वर कान लावून बसलेला. तिथे काही ऐकू येत नाही, म्हणून तो रंग सोडून देतो. कार्डावरच्या 'कॉन्फिग' या मजकूर-फाइलमध्ये टीव्हीच्या पद्धतीची एक ओळ असते. तिच्यात ० म्हणजे एनटीएससी आणि २ म्हणजे पाल. आकडा बदलला आणि रंग आले.

चौथी अडचण: पिस्तूल का चालत नाही?

बदकांवर नेम धरायचे पिस्तूल मुलांना फार आवडले. जुन्या डब्याला जोडून कुबडवाल्या टीव्हीवर ते चालले. शाळेच्या सपाट पडद्यावर मात्र एकही बदक पडेना.

पिस्तुलातून काही बाहेर पडत नाही. नळीच्या आत प्रकाश ओळखणारा घटक असतो, म्हणजे ते पिस्तूल खरे तर डोळा आहे. चाप ओढला की खेळ क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. त्याच क्षणी डोळ्याला उजेड दिसला तर नेम लागला! जुन्या टीव्हीत चित्र आत येताच पडद्यावर उमटते. सपाट टीव्ही ते आधी साठवतो, ताणतो, मग दाखवतो. यात काही शतांश सेकंद जातात. खेळ विचारतो तेव्हा पडदा अजून काळाच असतो. रिमोटचे बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते, त्याचेही एक कारण हेच. टीव्हीच्या मेनूत 'गेम मोड' असेल तर तो लावावा, उशीर कमी होतो. पिस्तूल मात्र जुन्या टीव्हीवरच चालेल.

पाचवी अडचण: करडा पडदा

काही खेळ सुरूच होत नसत. ६५०२ ला एकूण ६५,५३६ घरांचे पत्ते ठाऊक असतात, आणि कॅसेटमधल्या आज्ञावलीच्या वाट्याला त्यांतली साधारण अर्धी येतात. मोठा खेळ तेवढ्यात कसा बसवायचा? कॅसेटमध्येच एक जास्तीची चिप बसवून. ती गरजेप्रमाणे एकेक कप्पा प्रोसेसरसमोर सरकवते. रेशन दुकानाच्या एकाच खिडकीतून आळीपाळीने वेगवेगळी पोती दिसावीत, तसे. ही सरकवासरकव प्रत्येक जातीच्या कॅसेटमध्ये वेगळी. म्हणून खेळाच्या फाइलच्या आरंभी १६ बाइटांचे एक टिपण असते आणि त्यात कॅसेटची जात क्रमांकाने लिहिलेली असते. टिपण चुकले किंवा ती जात बहुरूपी आज्ञावलीला ठाऊक नसली, की करडा पडदा. आज्ञावलीची नवी आवृत्ती घ्यावी किंवा दुसरी लावून पाहावी.

सहावी अडचण, जी अडचण नव्हतीच

सगळे नीट चालू लागल्यावर वडील म्हणाले, "खेळ छान आहे, पण आमच्या वेळचे खेळ एवढे पळत नव्हते." आम्हाला वाटले, वय बोलते आहे. पण त्यांचे म्हणणे तपासायचे ठरवले.

जपानी यंत्र सेकंदाला ६० चित्रे दाखवते. आपल्या पाल टीव्हीला जुळणारे यंत्र ५०. खेळाची पावले चित्रांच्या मोजणीवर चालतात. प्रत्येक चित्रामागे मारिओ इतके ठिपके पुढे, असा हिशेब. म्हणजे ६० साठी लिहिलेला खेळ आपल्याकडे पाच-षष्ठांश वेगाने चाले. बहुरूपी आज्ञावलीत यंत्राचा देश निवडता येतो: एनटीएससी, पाल आणि तिसरा 'डेंडी'. नव्वदच्या दशकात रशियात विकल्या गेलेल्या एका नकलेचे हे नाव. पाल टीव्हीसाठी बनलेल्या नकला या तिसऱ्या जातीच्या.

मुलांनी एकाच खेळाच्या संगीताचे एक आवर्तन घड्याळ लावून मोजले. एनटीएससीत २० सेकंद, डेंडीत २४ सेकंद. गुणोत्तर बरोबर ५ : ६. मग संगीताच्या बाईंनी पेटी काढली. एनटीएससी आणि डेंडीत लय बदलली, पण सूर तोच लागला. पालमध्ये लय डेंडीइतकीच संथ, पण सूर एका पट्टीपेक्षा जरा जास्त उतरलेला!

असे का? लय ठरते चित्रांच्या मोजणीवरून, सूर ठरतो प्रोसेसरच्या ठोक्यांना भागून. डेंडीचे ठोके सेकंदाला सुमारे १७.७ लाख, म्हणजे जवळजवळ जपानी यंत्राइतकेच. म्हणून सूर तोच. पाल यंत्राचे ठोके १६.६ लाख, म्हणून सूर सुमारे ७ टक्के उतरतो. (काही नव्या खेळांत हा प्रयोग जमत नाही. ते यंत्र ओळखून स्वतःची लय सावरून घेतात.)

डेंडी लावल्यावर वडील दोन मिनिटे नुसते ऐकत राहिले आणि म्हणाले, "हेच." तीस वर्षांपूर्वीचा वेग त्यांच्या बोटांना आठवत होता. बहुरूप्याची परीक्षा आमच्या मल्टिमीटरपेक्षा त्यांनी अधिक चांगली घेतली.

हक्काचा प्रश्न

शिक्षक म्हणून हे सांगणे भाग आहे. बहुरूपी आज्ञावली लिहिणे किंवा वापरणे यात गैर काही नाही. अमेरिकेतल्या न्यायालयातही २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात बहुरूपी बनवणाऱ्याच्या बाजूने निकाल लागला. खेळांचे मात्र तसे नाही. खेळ जुना झाला म्हणून त्याचा स्वामित्वहक्क संपत नाही. भारताच्या १९५७ च्या कायद्यातले कलम ५२, रीतसर विकत घेतलेली आज्ञावली बिघडेल म्हणून तिची राखीव प्रत काढायची मुभा देते. पण '९९९९ खेळां'ची ती पिवळी कॅसेट हीच मुळात विनापरवाना नक्कल होती. (त्यात वेगळे खेळ थोडेच आणि तेच तेच पुन्हा मोजलेले, हा आणखी एक भाग.) म्हणून शाळेच्या यंत्रावर आम्ही तिच्यातले काही उतरवले नाही. आजही जगात हौशी मंडळी या जुन्या यंत्रासाठी नवे खेळ लिहितात आणि त्यांतले कित्येक मोफत वाटतात. 'नोव्हा द स्क्विरल' हा त्यांतलाच. त्याची आज्ञावलीही उघडी आहे, वाचून शिकता येते.

मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे आमचे उत्तर यामुळे अर्धेच ठरले. खेळ गेलेले नाहीत, ते जपता येतील. पण जपायचा अधिकार कुणाला, हे यंत्र ठरवत नाही.

नेवासा आणि फ्लॉपी

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढे नकलांत पाठ बिघडले, तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. पोथी कशीही असो, वाचायला डोळे आणि अक्षरओळख पुरते.

आता दुसरे उदाहरण. इंग्लंडच्या १०८६ च्या डूम्सडे नावाच्या नोंदवहीला ९०० वर्षे झाली, म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवी नोंदवही केली. शाळकरी मुलांनी आपापल्या गावाची माहिती गोळा केली आणि ती लेझर तबकड्यांवर भरली. ती वाचायला बीबीसी मायक्रोच्याच घराण्यातला एक संगणक लागे. २००२ पर्यंत ती यंत्रे इतकी दुर्मीळ झाली की सोळा वर्षांची नोंदवही वाचता येईना, आणि नऊशे वर्षांची मात्र खुशाल वाचता येत होती. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या प्रकल्पाने तेव्हा त्या संगणकाची बहुरूपी आज्ञावली लिहिली आणि मुलांचे काम पुन्हा पडद्यावर आणले.

आपल्या घरीही हेच आहे. नव्वदच्या दशकात मराठी मजकूर संगणकावर आला तो जिस्ट कार्डाच्या किंवा निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टच्या आधाराने. शाळांच्या स्मरणिका, प्रश्नपत्रिका, कुणाच्या प्रबंधाची हस्तलिखिते फ्लॉप्यांवर उतरली. आज ती फाइल उघडली तर चिन्हांचा कचरा दिसतो. यातली एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. इस्की या संकेताचा तक्ता १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून छापला गेला, म्हणून त्या संकेतातला मजकूर आजही उलगडता येतो. ज्या फॉन्टचे तक्ते कंपनीच्या कपाटात राहिले, त्यांचा मजकूर वाचायला तो जुना संगणक आणि तो फॉन्टच पुन्हा उभा करावा लागतो. खऱ्या यंत्रावर नाही, तर बहुरूप्यावर.

यंत्र मरणारच. त्याचे नियम कुणी लिहून ठेवले असतील तर त्याच्यावर केलेले काम मात्र जगवता येते. आमच्या विज्ञान मंडळाच्या मुलांनी यंदा टीव्ही-गेमनंतर हेच काम हाती घेतले आहे. शाळेच्या कपाटात अकरा फ्लॉप्या सापडल्या. त्यांतल्या सहा वाचता आल्या, पाच बुरशीने गेल्या. वाचलेल्यांपैकी एकीवर एका जुन्या शिक्षकांनी केलेला गावातल्या विहिरींच्या पाण्याच्या पातळीचा तक्ता आहे. आकडे लागले आहेत, विहिरींची नावे अजून लागायची आहेत.

तुमच्या शाळेचे कपाट केव्हा उघडता?